युनिफॉर्ममध्ये मी मलाच सापडत नाही

ताई,

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन महिन्यांपूर्वी वॉर्डात पोस्टिंग सुरू झालं. मला लहानपणापासून कपड्यांची, रंगांची फार आवड. माझे कपडे मीच शिवते, मैत्रिणींच्या नखांवर नक्षी काढून देते. पोस्टिंगच्या तिसऱ्या दिवशी आमच्या मॅडमनी पेशंटसमोर माझा हात वर धरला आणि सगळ्या बॅचला माझी नखं दाखवली. म्हणाल्या, "हिला नर्स व्हायचंय की मॉडेल?" त्या रात्री मी नखं मुळापर्यंत कापली. कानातले, अंगठी, घड्याळ, सगळं काढून डब्यात ठेवून दिलं. आता आरशात बघितलं की युनिफॉर्म दिसतो, मी दिसत नाही. एक सीनियर म्हणाली, जिला नटायची हौस आहे तिनं या लाइनला यायलाच नको होतं. तिचं खरं आहे का? आणि हे सगळे नियम पेशंटसाठीच असतात, की आम्हाला एका साच्यात बसवायला? हल्ली सुट्टीच्या दिवशीही काही छान घालावंसं वाटत नाही.

– आरशासमोर उभी असलेली एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

पेशंटसमोर तुझा हात वर धरून दाखवला, हे चुकलं. आधी हे सांगते, कारण तुला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ज्या माणसाचं सलाइन तू उद्या बदलणार, त्याच्याच पलंगापाशी उभं राहून तुझा पाणउतारा करायचा, यानं तू काही शिकली नाहीस आणि त्या पेशंटचा तुझ्यावरचा भरवसाही वाढला नाही. बाजूला घेऊन दोन मिनिटांत सांगता आलं असतं. मी बरीच वर्षं वॉर्डात काढली, नंतर शिकवायला लागले. मीही एकदोन मुलींना असं चारचौघांत बोलले आहे आणि त्याची रुखरुख मला आजही आहे.

पण नखांबद्दल तुझ्या मॅडम बरोबर होत्या, आणि ते का, हे तुला नीट कळायला हवं. हात कितीही चोळून धुतला तरी नखाखालची फट ही हातावरची सगळ्यात अवघड जागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या हातांच्या स्वच्छतेच्या सूचनांमध्ये नखाचं टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा आणि पेशंटला हात लावणाऱ्यानं कृत्रिम नखं लावूच नका, असं स्पष्ट म्हटलं आहे. हे कागदावरचं वाटत असेल तर ऐक. १९९७-९८ मध्ये अमेरिकेतल्या एका नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग पसरला. ज्या बाळांना तो झाला त्यांतली सोळा दगावली. तपास करता करता धागा दोन नर्सच्या हातांपर्यंत गेला. एकीनं स्वतःची नखं लांब वाढवलेली होती, दुसरीची कृत्रिम होती. फक्त नखांमुळेच हे झालं, असं तपास करणाऱ्यांनी म्हटलं नाही. नखांचा त्यात वाटा असावा, एवढंच म्हटलं. मला तेवढं पुरतं. काचेच्या पेटीतल्या सव्वा किलोच्या बाळाला हात लावताना "असावा" एवढ्या शंकेवरही मी नखं कापेन.

साध्या नेलपॉलिशचं थोडं वेगळं आहे. नुकतं लावलेलं, अखंड पॉलिश फारसं वाईट नसतं, पण त्याचे टवके उडाले की त्या कडांमध्ये जंतू टिकून राहतात. आणि दिवसातून कितीतरी वेळा हात धुणाऱ्या, हँडरब (हातांना चोळायचं जंतुनाशक) लावणाऱ्या बाईचं पॉलिश अखंड राहणार किती दिवस? म्हणून सरसकट बंदी. ती मला पटते.

आता अंगठीचं. ही गोष्ट मी फार जणांना सांगितलेली नाही. मी दुसऱ्या वर्षाला होते. ऐंशीच्या पुढच्या एका आजींना आम्ही दोघी मिळून कुशीवर वळवत होतो. माझ्या बोटात खड्याची अंगठी होती. रोज काढायचे, त्या दिवशी राहिली. आजींच्या दंडाखालून हात सरकवला आणि माझ्या हाताला काहीतरी ओलं लागलं. बघते तर कातडीचा एक त्रिकोणी पापुद्रा मागे सरकलेला, पाकिटाचं झाकण उघडावं तसा. रक्त फार नव्हतं. म्हाताऱ्या माणसांची कातडी किती पातळ असते, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं. सिस्टर आल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. ओल्या गॉजनं त्यांनी तो पापुद्रा हळूहळू परत जागेवर आणून बसवला, न चिकटणारं ड्रेसिंग लावलं आणि त्यावर पेननं एक बाण काढला. ड्रेसिंग काढताना कुठल्या दिशेनं काढायचं, म्हणजे पापुद्रा पुन्हा उचकटणार नाही, ते पुढच्या नर्सला कळावं म्हणून. आजी मलाच म्हणाल्या, "असू दे गं, फार नाही दुखत." पुढचे कितीतरी दिवस मी ड्यूटीवर गेले की आधी तो बाण बघायला जायचे.

तेव्हापासून मी माझ्या अंगावरची प्रत्येक वस्तू पलंगावरून बघते. म्हणजे मी आडवी पडले आहे, मला हलता येत नाही आणि ही मुलगी माझ्यावर वाकते आहे. तिचं काय माझ्या अंगाला लागेल? काय माझ्या तोंडावर लोंबेल? तिचा वास कसला येईल? तुलाही हेच करायला सांगते. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहून ठेवलं होतं की रेशमी झग्याची सळसळ, किल्ल्यांची खुळखुळ, बुटांची करकर यांचा आजाऱ्याला फार त्रास होतो. त्या काळात बायका पिंजऱ्यासारखे घेरदार झगे घालून आजाऱ्याच्या खोलीत वावरत. नाइटिंगेल यांनी कपड्यांचा विचार आजाऱ्याच्या कानानं केला. रात्रपाळीत एकदा आपल्याच बुटांचा आवाज ऐक, म्हणजे त्यांना काय म्हणायचं होतं ते कळेल.

या नजरेनं बघितलंस की बऱ्याच नियमांवर वाद घालावासा वाटणार नाही. लोंबणारे कानातले भ्रमात असलेला पेशंट ओढतो, लहान मूल तर ओढतंच. गळ्यातल्या पट्ट्याला लटकणारं ओळखपत्र ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर घासतं. पट्टाच असेल तर झटका बसताच सुटणारा हवा. केसांच्या मोठ्या चिमट्याची मला विशेष भीती आहे. स्टेराइल, म्हणजे निर्जंतुक ड्रेसिंग उघडून ठेवलेलं असताना वाकलीस आणि तो त्यात पडला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा घट्ट अंबाडा आणि दोन आकडे. अत्तर, बॉडी स्प्रे, उग्र वासाचं तेल, ड्यूटीवर यातलं काहीच नको. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला आवडता वासही सोसत नाही, दम्याच्या माणसाचा श्वास अडकतो. आणि तो बिचारा उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. बॅचमधल्या मुलांनाही सांग, एन-९५ मास्क दाढीवर घट्ट बसत नाही, कडेनं हवा आत येते. हा नियम त्यांच्याच जिवासाठी आहे.

घड्याळाबद्दल तू लिहिलंस की डब्यात ठेवलं. मनगटावर नको ते बरोबर, कारण पट्ट्याखालची जागा धुतलीच जात नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली आरोग्य खात्यानं कोपराखाली काहीही नको असा नियम आणला, तो डॉक्टरांनाही लागू केला. गंमत म्हणजे गणवेशातून संसर्ग पसरतो याला ठोस पुरावा नाही, हेही त्यांनी मान्य केलं होतं. त्यांचा मुद्दा मनगट नीट धुता यावं हा होता. पण सेकंद काटा तर तुला लागणारच, नाडी आणि श्वास मोजायला. तेव्हा छातीवर उलटं टाचायचं घड्याळ घे. आपण मान खाली घातली की ते आपल्याला सरळ दिसतं. ही एक वस्तू हौसेनं घे, हव्या त्या रंगात. फक्त पुसता येईल अशी. आणि तू शिवणारी मुलगी आहेस म्हणून आधीच सांगते, स्टेथोस्कोपला छान कापडी कव्हर शिवायचा मोह होईल, तो आवर. एकदा चढवलं की ते कुणी धूत नाही आणि दहा पेशंटच्या अंगावरून फिरतं.

तुझा दुसरा प्रश्न होता, सगळेच नियम पेशंटसाठी असतात का. नसतात. काही सवयीचे असतात, काही शिस्तीच्या नावाखाली आलेले, आणि काहींचं कारण तर घालून देणाऱ्यालाही आठवत नसतं. नर्सची पांढरी टोपी बघ. केस झाकायला आलेली टोपी पुढे इतकी कडक आणि इतकी छोटी झाली की ती केसही झाकत नव्हती. तिच्यावरच्या पट्ट्यांवरून कोण कितव्या वर्षाला ते कळायचं, बस. वाकलं की पडायची, पडद्यात अडकायची. गेल्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत अनेक देशांनी ती सोडून दिली आणि कुणाच्या शुश्रूषेत काही कमी पडलं नाही. टोपी मिळाल्याचा दिवस आयुष्यभर जपणाऱ्या नर्स मी पाहिल्या आहेत, त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण टोपी पेशंटच्या कामाची उरली नव्हती, हेही तितकंच खरं.

केसांचा रंग, जुनं, बरं झालेलं टॅटू, कानातला बारीक खडा, वर्गातल्या तासाला कुठल्या रंगाचा कपडा, हे सगळं मी या दुसऱ्या खात्यात टाकते. लाल केसांमुळे कुणाची जखम चिघळत नाही. (अगदी ताजं टॅटू मात्र जखमच असते, ती बरी होईपर्यंत वॉर्डात उघडी नको.) असे नियम तू मोडावेस असं मी म्हणणार नाही. शिकते आहेस, त्यापायी हजेरी आणि मार्क घालवू नकोस. पण विचारायला काहीच हरकत नाही. एकटीनं, रागात, राउंडच्या वेळी विचारू नकोस. चारपाच जणी मिळून लेखी द्या: "या नियमामागचं कारण समजून घ्यायचं आहे." एवढ्या एका वाक्याला उत्तर देताना पुष्कळदा नियम करणाराच विचारात पडतो. आणि आधी तुमची नखं, केस, बूट चोख असू द्या. मग तुमचं म्हणणं हौसेचं म्हणून उडवून लावता येत नाही.

एक मागणी तर मी तुमच्या जागी असते तर सगळ्यात आधी केली असती. पांढऱ्या पॅंटची. पाळीच्या दिवसांत आठ तास पांढऱ्या कपड्यात, मध्ये बाथरूमला जायला उसंत नाही, आणि लक्ष अर्धं पेशंटकडे, अर्धं मागे डाग तर पडला नाही ना याकडे. हे सोसणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षं पाहिल्या. वर पांढरं आणि खाली गडद निळी पॅंट, एवढा बदल केला तर पेशंटचं काही बिघडत नाही. तोपर्यंत एक जादा जोड लॉकरमध्ये ठेव आणि पांढऱ्याखाली पांढरं घालू नकोस, ते उठून दिसतं. आपल्या कातडीच्या रंगाजवळचं घाल.

आता तुझ्या हातातल्या कलेबद्दल बोलू. रेडिमेड युनिफॉर्म बहुतेकींना नीट बसत नाही. कुठे पोतं होतं, कुठे बटणं ताणली जातात. तुला तर सुई येते! आरशासमोर सरळ उभी राहून फिटिंग बघू नकोस, कामं करून बघ. सलाइनची पिशवी स्टँडला अडकवतेस तसा हात वर ने, शर्ट कमरेतून वर सरकतो का? लघवीच्या पिशवीवरचा आकडा वाचायला बसतेस तशी उकिडवी बस, मागे ताण येतो का? छाती दाबून सीपीआर देतेस तशी गुडघ्यावर बसून कोपरं ताठ ठेव, मुंढा काचतो का? काचत असेल तर बगलेत छोटी कळी लाव. खिशात पेन, कात्री, टॉर्च, डायरी भरून वाक, जे बाहेर पडेल त्या खिशाची खोली वाढव. अंगाला नेमका बसलेला, इस्त्रीचा, हातशिलाई न उसवलेला युनिफॉर्म घालून वॉर्डात आलेली मुलगी लांबूनही ओळखू येते. ते तुझंच दिसणं असतं, आणि त्याला कुणी नाव ठेवू शकत नाही. धुताना मात्र घरच्या कपड्यांत मिसळू नकोस. कापडाला सोसत असेल तर साठ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं पुरेत, जवळजवळ सगळे जंतू जातात.

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय सुजलेले असतात, ड्यूटीच्या शेवटच्या तासाला ते तसेच असणार. पुढून बंद, न घसरणारे, न वाजणारे. पडलेली सुई आणि सांडलेलं रक्त दोन्ही पायावरच येतं. मोज्यांच्या आत मात्र तुझं राज्य. पायाच्या नखांवर हवी तेवढी नक्षी काढ. माझी एक सहकारी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करायची, तिच्या पायाच्या नखांवर कायम गर्द जांभळा रंग असायचा. म्हणायची, मला माहीत आहे ना, पुरे.

आणि हात. नखं गेली म्हणून हातांकडे पाठ फिरवू नकोस. हँडरब आणि साबणानं कातडी फुटते, आणि फुटलेल्या कातडीत जंतू जास्त राहतात, शिवाय हँडरब झोंबतो म्हणून मुली तो टाळायला लागतात. ड्यूटी संपली की आणि झोपताना बिनवासाचं क्रीम चोळ. पेशंटला तुझा चेहरा मास्कमुळे अर्धाच दिसतो, हात पूर्ण दिसतात. मऊ, उबदार, नीट कापलेल्या नखांचा हात अंगाला लागला की माणूस ताण सोडतो, हे तुला काही दिवसांत स्वतःलाच जाणवेल.

तुझी सीनियर म्हणाली ते मला मुळीच पटत नाही. रंग बघणारा डोळा या कामात फार मोलाचा आहे. जखमेचा तळ लालसर गुलाबी आहे, पिवळा आहे की काळा, यावर पुढचं सगळं ठरतं, आणि त्या मधल्या छटा सगळ्यांना दिसत नाहीत. डोळ्यांच्या पांढऱ्यात आलेला पिवळेपणा दिव्याखाली चुकतो, खिडकीच्या उजेडात दिसतो. कापड घ्यायच्या आधी उजेडात नेऊन बघतेस ना तू? तसंच. पेशंटचं नख दाबून सोडलं की पांढरं झालेलं नख साधारण दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. इतकी वर्षं मैत्रिणींची नखं निरखलीस, तुझ्याकडून हे सुटणार नाही.

तुझ्या पत्रातलं "आरशात मी दिसत नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. वॉर्डातला जवळजवळ प्रत्येक माणूस हेच म्हणत असतो. स्वतःचे कपडे पिशवीत गेलेले, अंगात मागून बांधायचा गाऊन, मनगटावर नंबर. माझ्या एका पेशंट बाईंना भेटायला नातू येणार होता. त्यांनी मला हळूच विचारलं, केस विंचरून द्याल का? त्यांना वेणी उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेली लागायची. मी ती मागे टाकली होती. त्यांनी आरशात बघितलं, काही बोलल्या नाहीत, हातानं वेणी पुढे घेतली आणि मग हसल्या. हे तुला मी शिकवायची गरज नाही. तू विचारशील, भांग कुठून पाडू, वेणी मागे की पुढे. विचारत जा.

येत्या सुट्टीला डबा उघड. कानातले घाल, स्वतः शिवलेलं काहीतरी घाल, हाताच्या नखांनाही रंग लाव, साधाच, जेल नको. ते सहज निघत नाही. ड्यूटीच्या आदल्या रात्री पुसून टाक. कुठला रंग लावलास ते मला कळव.

– तुझी ताई